उत्तनच्या आईची कबुली

नोकरीतली कितीतरी प्रकरणं आता धूसर झाली आहेत. काहींचे तर नुसते कागद आठवतात, माणसं आठवत नाहीत. पण उत्तनच्या एका आईने माझ्या टेबलासमोर बसून "मीच मारलं" असं सांगितलं, ती दुपार माझ्या डोळ्यांसमोरून अजून हललेली नाही.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो. कॉलेज तेव्हा राहून गेलं. निवृत्तीनंतर समाजकार्याच्या पदवीला नाव घातलं आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, तोही या वयात. पंचनामे आणि जबाब सोडले तर मी फारसं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठे चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. नाव मी कोणाचंच देणार नाही. त्या आईच्या मुलीला घरात सगळे 'बाय' म्हणत, मीही तेच म्हणतो.

दोन हजार साल उलटल्यानंतरची ही गोष्ट. भाईंदर पूर्वेला इमारतींवर इमारती चढत होत्या, पण उत्तनच्या किनाऱ्यावर अजून बोटी, जाळी आणि बोंबील हेच जग होतं. तक्रार घेऊन आल्या त्या एक शिक्षिका. राहायला गोडदेवला, नोकरी उत्तनच्या एका शाळेत. सोबत त्यांचे यजमान होते. मुंबईतून इकडे राहायला आलेलं हे कुटुंब. यजमान खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले.

"साहेब, आधी लिहून घ्या. पोटच्या पोरीला आईने गुरासारखं बांधून ठेवलंय. तुम्ही घेतलं नाहीत तर मी वरपर्यंत जाईन."

"अहो, तुम्ही पाहिलंय का? मी पाहिलंय ना? मग मला बोलू द्या की," बाई म्हणाल्या.

त्यांच्या वर्गातली ही मुलगी, दुसरीतली. अचानक शाळेत यायची बंद झाली. बाई चौकशीला घरी गेल्या तेव्हा मुलगी ओटीवरच्या खांबाला दोरीने बांधलेली होती. कपाळावर जुन्या-नव्या खोका, हनुवटीला टेंगूळ, एका हातावर भाजल्याची मोठी जखम. आईला विचारलं तर ती एवढंच म्हणाली, "आजारी हाय," आणि मुलीला उचलून आत घेऊन गेली.

"बाई, ती मुलगी तुम्हाला काही म्हणाली?" मी विचारलं.

"हो. 'टीचर, कविता कुटवर झाली?' असं विचारलं तिने."

ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. मुलांच्या प्रकरणात वर्दी घालून जायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी साधा शर्ट चढवला, एक महिला शिपाई आणि आमचे जुने हवालदार यांना सोबत घेतलं आणि निघालो. हवालदार वाटेत म्हणाले, "साहेब, बाप दारूडा निघणार बघा. बायको त्याला वाचवत असणार. माझा अंदाज चुकत नाही."

बाप दारूडा निघाला नाही. तो घरातच नव्हता, बोट घेऊन दर्यात गेला होता आणि परतायला अवकाश होता. मुलगी मात्र बाईंनी सांगितली तशीच ओटीवर होती. कमरेला नायलॉनची दोरी, दोरीचं दुसरं टोक खांबाला. समोर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत घातलेले, आणि आई मांडव आणि ओटी यांच्यामध्ये सारखी ये-जा करत होती. दोन पावलं कामाची, एक नजर मुलीवर.

आम्ही दोरी सोडायला लागलो तशी शेजारची एक म्हातारी पुढे आली.

"पोलीस हाव ना तुमी? मंग दोरी बगायला आलाव काय? आमी समदेच बांधतो. बोटीवर पोरग्याला बांधत न्हाय तर काय दर्याला देऊ?"

"आजी, इथे बोट कुठे आहे? ही तर ओटी आहे," महिला शिपाई म्हणाली.

"तुला पोर हाय काय गो? न्हाय ना? मंग गप ऱ्हा."

म्हातारीचं अगदीच खोटं नव्हतं. किनाऱ्यावर लहान मुलांना कमरेला दोरी बांधतात, मीही पाहिलं होतं. आणि या दोरीखाली जुन्या सुती लुगड्याची पट्टी नीट गुंडाळलेली होती, कमरेवर वळ नव्हता. पण दोरी बांधतात ती रांगत्या, धडपडत्या पोराला. दुसरीतल्या मुलीला कोणी बांधत नाही. आणि दोरीने हात भाजत नाही. आईने तर तोंडच उघडलं नाही. नाइलाजाने दोघींना ठाण्यावर आणलं.

इथे काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. कायद्याने मुलीला बालकल्याण समितीपुढे हजर करायचं होतं. आईविरुद्ध छळाचा गुन्हा नोंदला गेला तर मुलगी बालगृहात जाणार होती. आणि तिकडे गेलेलं मूल परत घरी यायला किती काळ लागेल हे कोणालाच सांगता येत नाही. ती आई माझ्यासमोर बसली तेव्हा तिलाही हे कळत होतं. मांडीवर बसलेल्या मुलीला तिने दोन्ही हातांनी असं धरलं होतं की महिला शिपायाने देऊ केलेला चहा घ्यायलाही तिचा हात मोकळा नव्हता.

मी साधेच प्रश्न विचारले. जखम कशाने झाली? कोण असतं घरात? नवरा हात उचलतो का? नवऱ्याचं नाव निघताच ती पहिल्यांदा बोलली.

"त्याचं काय नाय. मीच मारलंय, सायेब. चटका पन मीच दिलाय. काय लिवाचं ते लिवा."

मांडीवरच्या मुलीने मान वर करून आईकडे पाहिलं. "आय, तू कवा..." एवढं तिने म्हटलं आणि आईने पटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"बघितलंत? पोरीचं तोंड दाबतेय," हवालदार माझ्या कानाशी म्हणाले. "कबूल झाली, साहेब. विषय संपला. एफआयआर टाकू?"

आमच्या मोठ्या साहेबांचाही तोवर फोन आला होता. शिक्षिकेच्या यजमानांनी खरोखरच वरपर्यंत मजल मारली होती. गुन्हा दाखल करून मोकळं व्हावं असा सगळ्यांचा कल होता. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात चालत नाही हे आम्हाला ठाऊक असतं. तरी कबुली मिळाली की तपासाचं तोंड एकाच दिशेला वळतं, हेही खरं आहे.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. तोवरच्या नोकरीत मुलांना मारणारी माणसं मी बरीच पाहिली होती. असा माणूस कबुलीच्या आधी कारण देतो. ऐकत नव्हता, उलट बोलली, दूध सांडलं. त्याला आपण कसे बरोबर होतो ते सांगायचं असतं. या बाईने कबुली दिली, पण कारण दिलं नाही. मी विचारलं, "चटका कशाने दिला?"

"चमच्यानं."

मुलीच्या हाताची जखम कोपरापासून मनगटापर्यंत पसरलेली होती. चमचा एवढा मोठा नसतो.

"का दिला?"

तिने मुलीला आणखी जवळ ओढलं. तेवढ्यात शेजारच्या खोलीतला वायरलेस एकदम खरखरला. मुलगी दचकली आणि तिने आईच्या मानेत तोंड खुपसलं. चटका देणाऱ्या बाईच्या मानेत! मी शिपायाला म्हटलं, "जबाब आत्ता लिहू नकोस. संस्थेच्या मॅडमना बोलाव."

मीरा रोडला मुलांसाठी काम करणारी एक संस्था होती. तिथल्या कार्यकर्तीला आम्ही अशा प्रकरणात बोलवायचो. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली, तिशीही न गाठलेली मुलगी. ठाण्यात शिरल्या शिरल्या तिने काहीच विचारलं नाही. "ही जेवली का?" एवढंच म्हणाली. मग आईला बाकावर अशा जागी बसवलं की मुलीला ती दिसेल पण दोघींना एकमेकींचं बोलणं ऐकू येणार नाही, आणि स्वतः महिला शिपायांच्या खोलीत जमिनीवर बसून मुलीबरोबर वरण-भात खाऊ लागली.

हवालदार अस्वस्थ झाले. "मॅडम, तुम्ही जेवण कधी आटपणार आणि विचारणार कधी? असं करून उद्या उजाडेल."

"दादा, तुम्ही चहा घ्या. मला विचारायचं कमी आहे, ऐकायचं जास्त आहे."

दार अर्धं उघडं होतं. मी बाहेर उभा राहून पाहत होतो. तिने कोऱ्या कागदावर माणसाची आकृती काढली, पुढची एक, पाठची एक. मुलीला विचारून विचारून, जिथे जिथे लागलं होतं तिथे खुणा केल्या. मग मुलीला म्हणाली, "बाय, हात भाजला त्या दिवशी मी तिथे नव्हते, त्यामुळे मला काहीच माहीत नाही. अगदी पहिल्यापासून सांग."

'आईने मारलं का', 'कोणी भाजलं' असं तिने एकदाही विचारलं नाही. नंतर मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "सर, मोठ्या माणसाने प्रश्नातच उत्तर ठेवलं की मूल तेच उत्तर उचलून देतं. त्याला वाटतं, आपण बरोबर सांगितलं तर हे लोक खूश होतील. म्हणून प्रश्न मोकळा ठेवायचा आणि शक्यतो एकदाच विचारायचा."

मुलगी बोटं चाटत सांगू लागली. "मी शेगडीजवल उबी होते. आय म्हनली लांब हो. मंग मला झोप लागली. उटले तं हात भाजलेला, आन आय रडत होती."

"झोप लागली?"

"मला लागतेच. उबी असले तरी लागते."

"मग उठल्यावर कसं वाटतं?"

"डोकं दुकतं. आन जीब पन दुकते." तिने जीभ बाहेर काढून दाखवली. जिभेच्या कडेला चावल्याच्या खुणा होत्या.

कार्यकर्ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. तिने तो कागद माझ्यासमोर धरला. "सर, मारलेल्या मुलाच्या खुणा बहुतेक पाठीवर, मांडीवर, कानाशी, दंडाच्या आतल्या बाजूला सापडतात. ही आकृती बघा, पाठ स्वच्छ आहे. लागलंय ते कपाळ, हनुवटी, कोपर, गुडघे. म्हणजे ही पडते, आणि पडताना हात पुढे करत नाही. नक्की डॉक्टर सांगतील, पण मला वाटतं हिला फिट येतात."

हवालदारांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला. "मग आई सांगत का नाही? फिट येणं हा काय गुन्हा आहे?"

"तेच शोधायचंय, दादा. तुरुंगापेक्षा तिला दुसऱ्या कशाची तरी जास्त भीती आहे."

मी आईजवळ बाकावर जाऊन बसलो. खरं सांगतो, काय बोलावं ते मला सुचत नव्हतं. आरोपीला बोलतं करायच्या खुब्या मला येत होत्या, पण इथे त्यातली एकही लावायची इच्छा होईना. शेवटी म्हटलं, "बाई, तुमची मुलगी आत पोटभर जेवली. तुम्ही तिला मारलं नाहीत हे आम्हाला कळलंय. ती पडते, हेही कळलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि ती रडू लागली. आवाज न करता, पदर तोंडात धरून.

"सायेब, मोठीचं लग्न ठरलंय. पुढल्या महिन्यात चर्चमदी दोगांची नावं वाचतील, कोनाची हरकत हाय काय इचारतील. मागं अजून एक हाय. मारकुटी आय म्हनतील तं म्हनू दे. दोन दिस म्हनतील, विसरतील. पन मिरगीचं घर म्हनाले तं दोनी पोरी घरात ऱ्हातील, आन ही तं कायमचीच."

मग सगळं बाहेर आलं. झटका आला की मुलीला कांदा हुंगवायचा, दार लावून घ्यायचं, कोणी आलंच तर ताप आहे म्हणायचं. शेगडीवर पडून हात भाजला त्या दिवसापासून दोरी आली. नवरा दर्यात, मोठ्या मुली कामावर, आणि बोंबील वाळवणं थांबवता येत नाही. अशा घरात आईला दुसरं सुचणार तरी काय? दर्यावर लेकरू वाचवायचा जो उपाय तिने लहानपणापासून पाहिला होता तोच तिने ओटीवर केला होता.

लढाई अजून संपलेली नव्हती. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली, मेंदूचा आलेख काढला गेला. डॉक्टरांनी निदान लिहून दिलं आणि गोळ्या सुरू केल्या. समितीपुढे हजर व्हायचं होतंच. आई कार्यकर्तीला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती.

"तिथं समद्यांना सांगनार मिरगी हाय म्हनून?"

"समितीचे कागद कोणालाही दाखवता येत नाहीत," कार्यकर्तीने तिला समजावलं. "तुमच्या गावात कोणाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. मी नाही, आणि साहेबही नाहीत."

समितीसमोर जायच्या आधी, आईला विचारून, कार्यकर्तीने जवळच्या सगळ्यांना एकत्र बसवलं. डॉक्टरांनी काय करायचं आणि काय नाही ते सांगितलं. कांदा नको, तोंडात चमचा नको, मुलीला कुशीवर वळवायचं आणि थांबायचं. शेगडी ओट्यावर घ्यायची. आई मांडवावर असेल तेव्हा शेजारची म्हातारी मुलीजवळ बसेल. म्हातारी म्हणाली, "मंग आदी सांगायचं व्हतं ना गो मला! मला काय जन्मभर बोंबीलच वालवायचे हायेत? बसते मी."

शाळेचं काय, हा प्रश्न आला तेव्हा शिक्षिका उभ्या राहिल्या. आपण तक्रार केली म्हणून ही आई आपल्याकडे बघणारही नाही असं त्यांना वाटत होतं. त्या चाचरत म्हणाल्या, "शाळेचं माझ्याकडे द्या. माझ्या वर्गात आली तर झटका आल्यावर काय करायचं ते मी शिकून घेईन, आणि मुलांनाही शिकवीन."

आई म्हणाली, "टीचर, तुमी आलात म्हून तं डाक्टर भेटला."

बाईंचे यजमान तिथेही होते. या वेळी काय करायचं ते सगळं त्यांनी स्वतःच लिहून घेतलं.

समितीच्या अध्यक्षा कडक होत्या. त्यांनी सगळा अहवाल वाचला आणि मला विचारलं, "अधिकारी, तुमच्या ठाण्यात या बाईने गुन्हा कबूल केला होता. आता तुम्ही म्हणता मुलीला तिच्याच हवाली करा. कशाच्या आधारावर?"

मोठ्या माणसांपुढे बोलायची मला कधीच सवय नव्हती. पण त्या दिवशी माझ्यापाशी फक्त माझं मत नव्हतं. खुणांची आकृती होती, मुलीचं स्वतःच्या शब्दांतलं सांगणं होतं, डॉक्टरांचा कागद होता आणि घरात, शाळेत, शेजारात कोण काय करणार याचा आराखडा होता. मी एकेक पुढे ठेवत गेलो. शेवटी म्हटलं, "मॅडम, या आईला शिक्षेची नाही, मदतीची गरज आहे. मदत कोणती, ते सगळं इथे लिहिलंय."

अध्यक्षांनी आईला विचारलं, "खोटी कबुली का दिलीत?"

"माज्या तीनी पोरी वाचवत होते."

मुलगी आईच्याच ताब्यात राहील, संस्था नियमित भेट देईल आणि अहवाल देत राहील, असा आदेश झाला. आमच्याकडे गुन्हा नोंदला गेला नाही. तक्रारीचा निकाल मी स्टेशन डायरीला लिहिला तेव्हा हवालदार मागे उभे राहून वाचत होते. "साहेब, माझा अंदाज चुकत नाही म्हटलं होतं ना मी? ते एक खोडून टाका," असं म्हणून स्वतःच मोठ्याने हसले.

गोळ्या लागू पडल्या. मात्रा एकदा वाढवावी लागली, मग झटके थांबले. मुलगी पुन्हा शाळेत जाऊ लागली आणि राहिलेल्या कविता तिने पाठ केल्या, असं शिक्षिकाबाईंनी मला भाईंदरच्या केबिन रोडवर भाजी घेताना सांगितलं.

लग्नाचं मात्र आईने कोणालाही न विचारता ठरवलं. चर्चमध्ये नावं वाचायच्या आधी ती स्वतः व्याह्यांच्या घरी गेली आणि सगळं सांगून टाकलं. होणाऱ्या जावयाची आई गोंधळली. हे घरोघरी पसरतं का, नातवंडांना होईल का, असं डॉक्टरांना जाऊन तिने तीनतीनदा विचारलं. जावई मात्र बोटीवरचा गडी. तो म्हणाला, "मिरगी बायला हाय. लगीन माजं तिच्या बहिनीशी हाय. गोलीनं तिची मिरगी बरी होते, तुमच्या शंकांना कंची गोली हाय?"

आज वर्गात मोकळा प्रश्न, मुलाच्या नजरेतून घटना, कुटुंबाची बलस्थानं असे शब्द शिकतो तेव्हा मला महिला शिपायांच्या खोलीत वरण-भात खाणाऱ्या त्या दोघी दिसतात. त्या प्रकरणाने मला एवढं शिकवलं, की मुलाच्या अंगावरची जखम दिसली की आपल्याला आधी राग येतो आणि रागाला लगेच एक माणूस हवा असतो. जखम कुठे आहे, कशी आहे, मूल काय म्हणतं, घाबरलं की कोणाकडे धावतं, हे शांतपणे पाहायला शिकावं लागतं. आणि घराचं तोंड बंद असेल तर ते कशाच्या भीतीने बंद आहे हे आधी विचारावं लागतं. हे मला भरतीच्या प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. ते कळलं तेव्हापासून मुलाच्या एकाही प्रकरणात मी त्या मॅडमना किंवा त्यांच्यासारख्या कोणाला बोलावल्याशिवाय पुढे गेलो नाही.

लग्नाला आम्हाला सगळ्यांना बोलावणं होतं. मांडवात बॅण्ड वाजत होता आणि बाय करवल्यांच्या घोळक्यात घामाघूम होऊन नाचत होती. तिची आई पाहुण्यांना वाढत होती, पाठ बायकडे करून, एकदाही मागे वळून न बघता. कोणीतरी तिला विचारलं, "हे कोन गो? नात्यातले?"

"हे? हे सायेब," ती म्हणाली आणि माझ्या ताटात मटणाचा आणखी एक डाव टाकला. "मला अटक करायला आलते. आता जेवल्याबिगर सोडनार न्हाय मी त्यांना."